क्रमाने लक्षात ठेवताना गट पाडले की काय होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मानसशास्त्र शिकवते. स्मृतीचा भाग शिकवून झाला की विद्यार्थी, त्यांचे पालक, बँकेच्या काउंटरवर किंवा दवाखान्याच्या रिसेप्शनवर बसणारे माजी विद्यार्थी असे सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. माझं म्हणणं आधीच सांगते: गट पाडल्याने डोक्यातली जागा वाढत नाही, क्रमाला आधार मिळतो. म्हणून गट कुठे तोडला आणि पुढे तो तसाच ठेवला का, याला फार महत्त्व आहे.

क्रमाने लक्षात ठेवणं हे साध्या लक्षात ठेवण्यापेक्षा वेगळं आहे का?

बरंच वेगळं आहे. दादरच्या मंडईत जाताना मेथी, लिंबं, आलं आणि कढीपत्ता आणायचा असेल, तर कढीपत्ता आधी आठवला म्हणून काही बिघडत नाही. ओटीपीचं तसं नाही. सहाही अंक बरोबर आले आणि त्यातल्या दोघांची जागा बदलली, तर ओटीपी चुकलाच. म्हणजे इथे दोन कामं असतात: काय होतं ते आठवणं आणि कशानंतर काय होतं ते आठवणं. अंकांच्या बाबतीत पहिलं काम सोपं असतं, कारण अंक मुळात दहाच आहेत. चुका होतात त्या मुख्यतः क्रमाच्या.

प्रयोगशाळेत ही चाचणी साधी असते. अंक किंवा अक्षरं ठरावीक वेगाने, बहुतेक वेळा सेकंदाला एक अशी, ऐकवायची आणि लगेच त्याच क्रमाने परत म्हणायला सांगायचं. जोसेफ जेकब्झ यांनी इंग्लंडमध्ये १८८७ साली हे विद्यार्थ्यांवर करून पाहिलं. आजही बुद्धिमापन चाचण्यांमध्ये अंक परत म्हणायला लावतात, ते याच पद्धतीने.

गट पाडल्याने खरंच फरक पडतो, की तो नुसता समज आहे?

खरंच पडतो. स्मृतीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रयोगशाळांत दिसलेल्या गोष्टींपैकी ही एक आहे. ४१८२९७५३६ हे नऊ अंक एका सुरात वाचून दाखवले, तर बहुतेकांची मध्यावर गडबड होते. तेच ४१८, मग छोटा थांबा, २९७, पुन्हा थांबा, ५३६ असे वाचले की चुका लक्षणीय कमी होतात.

यावर नेहमी येणारी शंका अशी की थांबल्यामुळे ऐकणाऱ्याला जास्त वेळ मिळतो, म्हणून फायदा होत असेल. १९६९ साली रायन यांनी नऊ अंकांत दोन थांबे ठेवले, पण ते निरनिराळ्या जागी. थांबे तितकेच, तरी निकाल वेगवेगळे आले. सगळ्यात चांगलं स्मरण झालं ते तीन-तीन-तीन अशा सारख्या गटांत. म्हणजे मिळालेल्या वेळापेक्षा थांब्याची जागा महत्त्वाची ठरली.

आणखी एक गोष्ट दिसते. एका सुरात ऐकवलेली लांब यादी परत म्हणताना सुरुवातीचे एक-दोन आणि शेवटचे एक-दोन अंक बरे येतात, मधले बुडतात. गट पाडले की प्रत्येक गटाला आपली सुरुवात आणि आपला शेवट मिळतो. एका मोठ्या खड्ड्याऐवजी तीन छोटे खड्डे दिसायला लागतात. परत म्हणतानासुद्धा माणूस प्रत्येक गटाच्या पहिल्या अंकाआधी क्षणभर थांबतो. थांबे न देता ऐकवलेल्या यादीतही अनेकजण मनातल्या मनात गट पाडतात, आणि हा क्षणभराचा थांबा त्यांची चाहूल देतो.

मग तो प्रसिद्ध 'सात'चा आकडा कुठून आला?

जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातून. सात, अधिक-उणे दोन. तो आकडा इतका गाजला की लेखातली जास्त मोलाची गोष्ट मागे पडली. मिलर यांचं म्हणणं असं होतं की तात्कालिक स्मृतीची मर्यादा अंकांत किंवा अक्षरांत मोजायची नसते, ती 'चंक'मध्ये मोजायची असते. चंक म्हणजे तुमच्यासाठी एक झालेला तुकडा. 'म', 'हा', 'ल', 'क्ष्मी' ही चार अक्षरं मुंबईकराला चार वाटतच नाहीत.

नेल्सन कोवन यांनी २००१ साली अनेक प्रयोग एकत्र पाहून दाखवलं की मनातल्या मनात घोकायला आणि गट जुळवायला वाव दिला नाही, तर माणसाला साधारण चारच तुकडे धरता येतात. मला यातून असं वाटतं की 'सात' हा आकडा निदान काही प्रमाणात गटबांधणीचीच कमाई आहे. आपण सात अंक म्हणतो तेव्हा नकळत तीन आणि चार असे पाडलेले असतात.

तीनचाच गट का? चार, पाच का नाही?

वेन विकलग्रेन यांनी १९६४ मध्ये लोकांना वेगवेगळ्या आकाराच्या गटांत घोकायला सांगितलं, तेव्हाही तीनचा गट सरस ठरला. चारचा गट फार मागे नसतो. आधार क्रमांक चार-चार-चार छापलेला असतो आणि लोक तो बऱ्यापैकी सांभाळतात. पाचपासून पुढे मात्र गटाच्या आत पुन्हा गोंधळ सुरू होतो.

तीनमध्ये प्रत्येक अंकाला स्वतःची ओळख मिळते: पहिला, मधला, शेवटचा. पाचच्या गटात दुसरा, तिसरा आणि चौथा हे तिघंही 'मधले'च. आपल्या वृत्तांकडे पाहिलं की मला नेहमी हे आठवतं. यमाताराजभानसलगा या सूत्रातला प्रत्येक गण तीन अक्षरांचा आहे. भुजंगप्रयात म्हणजे बारा अक्षरांच्या चरणात चार 'य' गण, लघु-गुरू-गुरू चार वेळा. शाळेत आपण टाळी वाजवत तो चरण तीन-तीन अक्षरांनी म्हणायचो, आणि ते श्लोक आजही एक अक्षर इकडचं तिकडे न होता येतात. छंदशास्त्र रचणाऱ्यांनी स्मृतीचे प्रयोग केले होते असा दावा मी करत नाही. पण शतकानुशतकं तोंडी चाललेल्या परंपरेत माणसाच्या स्मृतीला पेलणारा आकारच टिकून राहिला असेल, हे मला पटतं.

वेस्टर्न लाइनची स्टेशनं मला तोंडपाठ आहेत, पण मधलंच एखादं विचारलं की अडतं. असं का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येकाकडे ही यादी आहे आणि ती मुद्दाम बसून कोणी पाठ केलेली नाही.

चर्चगेट ते बोरिवली धरा. स्लो लोकलची बावीस स्टेशनं. बावीस नावं सलग लक्षात राहणं अवघड, पण अनेक फास्ट लोकल जिथे थांबतात ती स्टेशनं खुंटीसारखी मध्ये उभी असतात: चर्चगेट, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवली. आता मधली पाहा. चर्चगेट आणि मुंबई सेंट्रलच्या मध्ये मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड: तीन. मुंबई सेंट्रल आणि दादरच्या मध्ये महालक्ष्मी, लोअर परळ, प्रभादेवी: पुन्हा तीन. दादर-वांद्र्यात माटुंगा रोड आणि माहीम, दोनच. वांद्रे-अंधेरीत खार रोड, सांताक्रूझ, विलेपार्ले, परत तीन. मग अंधेरी-बोरिवलीत एकदम पाच: जोगेश्वरी, राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली.

वर्गात मी ही यादी म्हणायला लावते तेव्हा मुलं कुठे अडखळतात ते नीट ऐकते. दादर-वांद्र्यात कोणी अडत नाही. अडखळतात ती या पाचच्या गटात, आणि बहुतेक वेळा राम मंदिरापाशी. ते स्टेशन २०१६ च्या डिसेंबरात सुरू झालं. ज्यांची यादी त्याआधी पक्की झाली होती, त्यांच्या जोगेश्वरीनंतर गोरेगाव घट्ट बसलेलं आहे. उलट एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं २०१८ मध्ये. तिथे जुन्या माणसांच्या तोंडून जुनं नाव निघतं, पण जागा चुकत नाही. नाव बदललं तर फक्त तो एक तुकडा नव्याने शिकावा लागतो. मध्ये नवीन काही घुसलं तर गटाची रचनाच हलते.

चर्नी रोड आधी की ग्रँट रोड आधी, हाही नेहमीचा घोळ. शेजारचे दोन, त्यात दोघांच्या शेवटी 'रोड'. सेंट्रल लाइनवर चिंचपोकळी आणि करी रोड यांची अशीच अदलाबदल होते, तिथे शेवट वेगळे असूनसुद्धा. शेजाऱ्यांची अदलाबदल ही क्रमाची सगळ्यात नेहमीची चूक आहे, मग यादी कसलीही असो.

आता तुमचा मूळ प्रश्न. 'सांताक्रूझनंतर काय?' असं विचारलं की बहुतेकजण मनात वांद्र्याला जातात, 'वांद्रे, खार, सांताक्रूझ…' असं म्हणतात आणि मग 'पार्ले' सांगतात. यादीत कुठूनही शिरता येत नाही, शिरावं लागतं ते गटाच्या तोंडाशी. क्लार, चेस आणि लव्हलेस यांनी १९८३ मध्ये इंग्रजी मुळाक्षरांवर हेच तपासलं. एखादं अक्षर देऊन पुढचं विचारलं तर उत्तराला लागणारा वेळ अक्षर आपल्या गटात किती आत आहे त्यावर वाढत-घटत होता.

गट पाडल्यावर चुका फक्त कमी होतात, की बदलतात पण?

दोन्ही. हे लोकांना सहसा ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

४१८-२९७-५३६ घ्या. गट न पाडता ऐकलं तर ८ आणि २ एकमेकांच्या जागी जाण्याची शक्यता बरीच, कारण ते शेजारी आहेत. गट पाडले की त्यांच्यामध्ये भिंत येते आणि ही चूक घटते. पण एक नवीन प्रकार डोकं वर काढतो: ४९८-२१७-५३६. पहिल्या गटातला मधला १ आणि दुसऱ्या गटातला मधला ९ यांनी जागा बदलल्या. मध्ये दोन अंकांचं अंतर असूनही अदलाबदल झाली आणि दोघंही आपापल्या गटात 'मधले'च राहिले.

चाळीत पत्र देताना मजला चुकावा पण खोली नंबर बरोबर असावा, तसं हे आहे. पहिल्या मजल्यावरच्या दोन नंबरचं पत्र दुसऱ्या मजल्यावरच्या दोन नंबरला गेलं. यावरून एक फार महत्त्वाची गोष्ट कळते. मेंदू प्रत्येक अंकाला एकच सलग क्रमांक देत नाही. तो दोन पातळ्यांवर पत्ता लिहितो: कुठला गट, आणि गटात कुठली जागा. नुसत्या साखळीने, म्हणजे 'याच्यामागे तो, त्याच्यामागे तो' अशा जोडण्यांनी लक्षात राहत असतं, तर ही चूक होण्याचं कारण नव्हतं. रिक हेन्सन यांचं १९९८ चं प्रारूप प्रत्येक अंकाचं स्थान गटाच्या सुरुवातीपासून आणि शेवटापासून किती दूर यावरून ठरवतं. ब्राउन, प्रीस आणि ह्यूम यांच्या २००० सालच्या प्रारूपात वेगवेगळ्या गतीने फिरणारी आवर्तनं, घड्याळाच्या काट्यांसारखी, काळाची खूण पुरवतात. दोन्ही प्रारूपांतून नेमकी हीच चूक व्हायला हवी असं निघतं, म्हणून या एका चुकीला अभ्यासक इतका मान देतात.

आधार क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो, व्हेरहोफ पद्धतीने काढलेला. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले तर ती पद्धत ते पकडतेच. एका गटातला अंक दुसऱ्या गटात गेला, तर ती प्रत्येक वेळी पकडेलच असं नाही. म्हणून आधार सांगताना परत वाचून घेताना गटागटाने ताडून पाहा, नुसतं 'बारा अंक झाले ना?' एवढ्यावर थांबू नका.

मोबाइल नंबर कसा सांगावा? पाच-पाच, तीन-तीन-चार, की जोड्या?

ऐकणारा ज्या गटांत लिहितो, त्या गटांत. हे उत्तर पळवाटीसारखं वाटेल, पण यामागे चांगला पुरावा आहे. गॉर्डन बोवर आणि डेव्हिड विन्झेन्झ यांनी १९६९ मध्ये तीच अंकमाला लोकांना पुन्हा पुन्हा ऐकवली. गट तेच ठेवले तर दर खेपेला स्मरण सुधारत गेलं. अंक तेच ठेवून गट बदलले, तर पुन्हा ऐकल्याचा फायदा जवळजवळ नाहीसा झाला. लोकांना ती जणू नवीनच अंकमाला वाटली.

गिरगावातल्या एका औषधाच्या दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिलं. आजी नंबर सांगत होत्या: 'अठ्ठ्याण्णव… वीस… चौसष्ट…' काउंटरवरचा मुलगा बिलाच्या कडेला पाच अंक लिहून जागा सोडून पुढचे पाच लिहायच्या तयारीत. 'चौसष्ट'पाशी त्याचा पाचवा अंक झाला आणि सहावा हातात राहिला. तो थांबला आणि म्हणाला, 'आजी, परत सांगा.' आजींनी परत सांगितला, या खेपेला 'नऊशे ब्याऐंशी…' अशी सुरुवात करून. त्याने आधीचं खोडलं. दोघांचीही स्मृती ठणठणीत होती. गट जुळत नव्हते.

भारतात दहा अंकी मोबाइल नंबर बहुतेक ठिकाणी पाच-पाच लिहितात, म्हणून अनोळखी माणसाला सांगताना पाचवर ठळक थांबा घ्या आणि पाचांच्या आत दोन-तीन असा हलका श्वास घ्या. पाचचा गट मोठा असतो, तो आतून फोडलेला बरा. परत सांगायची वेळ आली तर पहिल्यासारखाच सांगा, तोच सूर, तेच थांबे. घाईत गट बदलू नका.

'अठ्ठ्याण्णव' म्हणावं की 'नऊ आठ'?

मराठीत हा प्रश्न फारच खरा आहे. जोडीचा फायदा उघड दिसतो: दहा अंकांचे पाच शब्द झाले. ज्याला शंभरपर्यंतचे आकडे रक्तात भिनले आहेत, त्याला हे पाच तुकडे हाताळणं सोपं जातं.

अडचणी तीन. पहिली लांबीची. ॲलन बॅडली आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की माणूस साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणू शकतो, तेवढंच तो मनात फिरवत ठेवू शकतो. शब्द लांब तितके कमी मावतात. १९८० मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श-इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांत पाहिलं, तर वेल्श अंक म्हणायला जास्त वेळ लागत असल्याने त्याच माणसांची अंक लक्षात ठेवण्याची क्षमता वेल्शमध्ये कमी भरली. 'नव्व्याण्णव' आणि 'अठ्ठ्याऐंशी' हे शब्दही घाईत म्हणायला जड आहेत.

दुसरी अडचण कानाची. आर. कॉनरॅड यांनी १९६४ मध्ये दाखवलं की डोळ्यांनी पाहिलेली अक्षरं आठवतानासुद्धा लोक सारख्या आवाजाची अक्षरं एकमेकांत मिसळतात. सत्तावन्न, सत्त्याहत्तर, सत्त्याण्णव, किंवा एकोणसाठ, एकोणसत्तर हे शब्द एकामागोमाग ठेवून पाहा. 'एकोणसाठ'मध्ये तर ना पाच ऐकू येतो, ना नऊ.

तिसरी अडचण क्रमाचीच. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. घाईत २५ चं ५२ होतं ते इथे.

माझा सल्ला: घरात, ज्यांची सवय सारखी आहे त्यांच्यात, जोड्या खुशाल वापरा. बँकेत, दवाखान्यात, फोनवर सुटे अंक सांगा आणि थांबे स्पष्ट ठेवा. 'डबल नऊ' चालेल. 'ट्रिपल शून्य' मात्र दोन गटांच्या सीमेवर आलं की घोटाळा करतं, कारण ऐकणाऱ्याला ते तीन शून्य दोन गटांत वाटून द्यावे लागतात.

ऐकलेल्याचे गट जास्त ठसतात की पाहिलेल्याचे?

ऐकलेल्याचे. ग्रॅहम हिच आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दोन्हींची तुलना केली तेव्हा वेळेच्या थांब्यांनी पाडलेल्या गटांचा फायदा ऐकताना जास्त मिळाला. क्लाइव्ह फ्रँकिश यांच्या कामातून दिसतं की नुसता थांबाच नव्हे, आवाजातला चढ-उतारही गट पाडतो. गटाच्या शेवटी सूर थोडा खाली आला की कानाला कळतं, इथे तुकडा संपला. छापील क्रमांकात रिकामी जागा सोडण्याने मदत होतेच, पण कागद बघून एका सुरात सगळं वाचून टाकणाऱ्याकडून ती मदत ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. फोनवर तक्रार क्रमांक सांगणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवायला हवं असं मला मनापासून वाटतं.

थांबा घेऊन पाडलेला गट आणि अर्थ असलेला गट एकच का?

नाही. थांब्याने फक्त सीमा मिळते. अर्थाने तुकडा आकसतो आणि बाकीच्यांना जागा मोकळी होते.

बीएमसी, एसबीआय, ओटीपी, आरटीओ ही बारा अक्षरं कोणीही एकदा ऐकून परत म्हणेल. तीच बारा अक्षरं त्याच क्रमाने बीएम, सीएसबी, आयओ, टीपीआर, टीओ अशी तोडून ऐकवली तर बहुतेकांना जमत नाही. बोवर आणि स्प्रिंग्स्टन यांनी १९७० मध्ये अमेरिकन आद्याक्षरांवर असाच प्रयोग केला होता. थांबा चुकीच्या जागी पडला तर ओळखीचे शब्दही कानाला ओळखता येत नाहीत. म्हणून थांबा आणि अर्थ एका जागी आले पाहिजेत.

मुंबईकराच्या खिशात असे अर्थाचे गट बरेच आहेत. पिनकोड सहा अंकी, पण ४०० हे तीन अंक इथे सगळ्यांना फुकट मिळतात. गिरगावला ०४, दादर पश्चिमेला २८, पूर्वेला १४ एवढंच काय ते धरायचं, आणि त्याआधीचं शून्य या तिन्ही ठिकाणी तेच. गाडीच्या नंबरात एमएच ०१ म्हटलं की ताडदेव, ०२ म्हटलं की अंधेरी. पॅनमधल्या दहा खुणा अवघड वाटतात, पण व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं आद्याक्षर. हे कळलं की उरतात पहिली तीन अक्षरं, चार अंक आणि शेवटचं अक्षर.

सरावाने कोणी ऐंशी अंक लक्षात ठेवले होते, हे खरं आहे?

जवळजवळ. कार्नेगी मेलन विद्यापीठात अँडर्स एरिक्सन आणि विल्यम चेस यांच्याबरोबर काम केलेला एस. एफ. हा विद्यार्थी सुरुवातीला तुमच्या-माझ्यासारखाच सात अंकांवर होता. दीडएक वर्षाहून अधिक काळ, दोनशेहून जास्त तासांच्या सरावानंतर तो ७९ अंकांवर पोचला. अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तो धावपटू होता. तीन-चार अंक ऐकले की तो ते शर्यतीची वेळ म्हणून ओळखायचा, काही आकडे वय म्हणून. मग अशा तीन-चार गटांचा मोठा गट, आणि त्यांच्यावर आणखी एक पातळी.

गोष्टीचा पुढचा भाग लोक सांगत नाहीत. अंकांऐवजी अक्षरं दिली तेव्हा तो परत सहावर आला. त्याच्या स्मृतीची जागा तसूभरही वाढली नव्हती. अंकांपुरती गटांची फार सुंदर व्यवस्था त्याने उभारली होती, इतकंच.

मग वेदपाठी ब्राह्मण इतकं कसं पाठ करतात?

तिथेही गट आहेत, पण मला जास्त विलक्षण वाटते ती गटांच्या सांध्यांची काळजी. गट पाडण्याची किंमत ही असते की एका गटाच्या शेवटावरून दुसऱ्याच्या सुरुवातीवर जाताना पाय घसरतो. पदपाठात शब्द सुटे करतात, म्हणजे तुकडे पाडतात. क्रमपाठात पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असं म्हणतात. प्रत्येक शब्द एकदा जोडीचा शेवट होतो आणि एकदा सुरुवात, त्यामुळे सांधा असा राहतच नाही. जटापाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा. घनपाठात त्यात तिसराही येऊन मागे-पुढे होतो.

शब्दांची अदलाबदल करून मुद्दाम म्हटल्याने क्रम बिघडेल असं वाटतं. होतं उलटं: कुठला शब्द कोणाच्या आधी आणि कोणाच्या नंतर, हे इतक्या बाजूंनी बांधलं जातं की अदलाबदलीची चूक झालीच तर लगेच कानाला खटकते. तात्कालिक स्मृतीच्या प्रयोगांशी याची थेट तुलना करता येणार नाही, हे वर्षानुवर्षांचं शिक्षण आहे. पण क्रम कुठे फुटतो हे त्या परंपरेने अचूक ओळखलं होतं.

मुलांना कविता, पाढे, आवर्तसारणी पाठ करून घेताना काय करावं?

कडवं किंवा यादी कुठे तोडायची ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि आई, बाबा, शिकवणीच्या ताई सगळ्यांनी तिथेच तोडा. आईने दोन-दोन ओळी आणि बाबांनी चार-चार ओळी घेतल्या तर मुलाची उजळणी वाया जाते.

दुसरं, सांधा वेगळा पाठ करून घ्या. मुलं कडव्याच्या आत कधी अडत नाहीत, पुढचं कडवं कुठलं तिथे अडतात. आधीच्या कडव्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ एवढीच जोडी काही वेळा म्हणून घेतली की काम होतं. आणि मूल अडलं तर पुढचा शब्द पुरवू नका, त्या गटाची सुरुवात पुरवा.

आईबाबांना ओटीपी वाचून दाखवायचा असतो, कसा वाचू?

तीन-तीन. तिसऱ्या अंकावर सूर खाली आणा, ते टाइप करेपर्यंत थांबा, मग पुढचे तीन. आणि फोनवर कोणीही मागितला तर सांगायचा नाही, हे त्यांना त्याच वेळी पुन्हा सांगा.

गट पाडणं कधी निरुपयोगी ठरतं?

क्रम लागतच नसेल तेव्हा थांब्यांच्या गटांचा फारसा उपयोग नाही. सामानाच्या यादीत भाज्या एकत्र, किराणा एकत्र असे प्रकाराचे गट जास्त कामाला येतात. गट वेडेवाकडे असले, म्हणजे दोन, मग पाच, मग एक, तरी फायदा घटतो.

हे घरी करून बघता येईल का?

येईल. नऊ-नऊ अंकांच्या वीस माळा कागदावर लिहा, एका माळेत कुठलाही अंक दोनदा येऊ देऊ नका. दहा माळा सेकंदाला एक अंक या गतीने सपाट सुरात वाचा. उरलेल्या दहा त्याच गतीने, पण तिसऱ्या आणि सहाव्या अंकानंतर छोटा थांबा घेऊन. दोन्ही प्रकार आलटून पालटून घ्या, नाहीतर शेवटी शेवटी आलेल्या कंटाळ्याचा दोष एकाच प्रकाराच्या माथी येईल. ऐकणाऱ्याने संपूर्ण माळ ऐकून झाल्यावरच लिहायचं, डावीकडून उजवीकडे, आठवला नाही तिथे रेघ. तपासताना नुसते बरोबर अंक मोजू नका. चुकलेला प्रत्येक अंक मुळात कुठल्या जागेवरचा होता ते त्याच्याखाली लिहा. सपाट माळांत तो बहुतेक एक घर अलीकडचा किंवा पलीकडचा निघेल. थांब्यांच्या माळांत तीन घरं लांबचे अंक शोधा.